‘शट आऊट’ म्हणजे बाहेर ठेवणं की धुव्वा उडवणं?

जिंतूर तालुक्यातून बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: एका उताऱ्यात ‘शट आऊट’ हा शब्द ‘बाहेर ठेवणे’ या अर्थाने आला आणि दुसऱ्यात ‘समोरच्याला खातंही उघडू न देता हरवणे’ या अर्थाने. पुस्तकात दोन्ही अर्थांखाली समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या आहेत. एक्सक्लूड, बार, डिबार, एक्सपेल, ऑस्ट्रसाइज, बॉयकॉट ही एक यादी. थ्रॅश, ट्राउन्स, राऊट, व्हाइटवॉश, स्वीप ही दुसरी. दोन्ही तोंडपाठ आहेत, तरी रिकाम्या जागेत नेमका शब्द सापडत नाही. काय करावं?

मी नांदेडला बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. त्याआधी एका दैनिकात क्रीडा पानासाठी एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायचं काम करायचो. म्हणजे हे शब्द दोन्ही बाजूंनी हाताखालून गेले आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची मेहनत कमी पडत नाही, हे मी रोज पाहतो. त्यांच्या हातात यादीच अशी दिली जाते की मेहनत वाया जावी, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यादीतले शब्द समानार्थी आहेत हे आधी डोक्यातून काढा. ते एकाच घरातले आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं. बाहेर काढण्याच्या शब्दाला विचारा: कोणी काढलं, कुठून काढलं, तो आधी आत होता का, आणि काढलं ते नियमाने की अबोल्याने? जिंकण्याच्या शब्दाला विचारा: एकच सामना की सगळी मालिका, समोरच्याला काही मिळालं का, आणि अंतर किती? एवढी उत्तरं माहीत असली की शब्द आपोआप पुढे येतो.

आधी ‘शट आऊट’च घेऊ. मूळ अर्थ साधा: दार लावून बाहेर ठेवणं. पडदा ओढून ऊन बाहेर ठेवलं तरी ‘शट आऊट द लाइट’. खेळात तोच अर्थ पुढे गेला: समोरच्याचा एकही गोल, एकही रन आत येऊ दिला नाही. बेसबॉल आणि आइस हॉकीत हा रोजचा शब्द आहे. नाम म्हणून ‘शटआऊट’ एकत्र लिहितात, क्रियापद म्हणून ‘शट आऊट’ तोडून. फुटबॉलमध्ये त्याच गोष्टीला गोलकीपरच्या बाजूने ‘क्लीन शीट’ म्हणतात. क्रिकेटमध्ये हा शब्द या अर्थाने चालत नाही, कारण समोरचा संघ शून्यावर बाद होणं तिथे जवळजवळ घडतच नाही. २०१४ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं हरवलं. त्याला राऊट म्हणा, थ्रॅशिंग म्हणा, पण शटआऊट म्हणता येणार नाही. शेवटी का होईना, ब्राझीलचा एक गोल झालाच होता. टेनिसमध्ये सेट ६-० गेला की ‘बेगल’. २०२५ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात इगा श्वियॉन्टेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० हरवलं, तो ‘डबल बेगल’. समोरचीला एकही गेम मिळाला नाही, म्हणून तिथे ‘शट आऊट’ अगदी चपखल बसतो.

आता बाहेर ठेवण्याचे शब्द. ते सगळ्यात लवकर समजतात क्रिकेट संघाच्या निवडीवरून. खेळाडू संघात नाही, एवढीच गोष्ट. पण मराठी बातमी तिला सहा-सात तऱ्हांनी सांगते आणि इंग्रजीही. खराब कामगिरीमुळे वगळलं तर ‘ड्रॉप्ड’. मथळ्यात ‘डच्चू’ असेल तिथे इंग्रजी मथळा ‘अ‍ॅक्स्ड’ म्हणतो. कामगिरी बरी आहे पण अकरांत जागाच नाही, तर ‘लेफ्ट आऊट’. दमला आहे म्हणून बसवला तर ‘रेस्टेड’. दुखापतीमुळे मालिकेला मुकणार असेल तर ‘रूल्ड आऊट’. लायक असूनही डावललं, असं लिहिणाऱ्याला म्हणायचं असेल तर ‘स्नब्ड’. यात बातमी कमी आणि तक्रार जास्त असते. गैरवर्तनासाठी दोन सामने बाहेर, तर ‘सस्पेंडेड’. फिक्सिंगमध्ये सापडला, तर ‘बॅन्ड’. या सगळ्यांच्या जागी ‘एक्सक्लूडेड’ लिहिलं तर व्याकरण चुकणार नाही, पण वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. ‘एक्सक्लूड’ हा कारण न सांगणारा शब्द आहे. परीक्षेत उताऱ्यात कारण दिलेलं असेल, तर तो बहुधा उत्तर नसतोच.

‘एक्सक्लूड’चं कूळही बघून ठेवा. लॅटिनमध्ये ‘क्लॉडेरे’ म्हणजे बंद करणं. त्यातून इन्क्लूड, एक्सक्लूड, कन्क्लूड, प्रिक्लूड, सिक्लूड असे शब्द आले. प्रिक्लूड म्हणजे आधीच वाट बंद करणं, एखादी गोष्ट घडूच न देणं. सिक्लूड म्हणजे एकांतात वेगळं ठेवणं. बिलावर ‘एक्सक्लूझिव्ह ऑफ जीएसटी’ असतं तेव्हा जीएसटी त्या रकमेत धरलेला नाही. हीच मंडळी रिकाम्या जागेत पर्याय म्हणून एकत्र बसवलेली असतात, म्हणून त्यांना वेगळं ओळखता आलं पाहिजे.

संस्थेने, नियमाने बाहेर काढणं हा दुसरा गट, आणि आपल्याकडच्या मुलांना तो नको इतका ओळखीचा आहे. कॉपी करताना सापडला की ‘रस्टिकेट झाला’ असं आपण सहज म्हणतो. या शब्दात लॅटिनमधलं ‘रूस’ आहे, म्हणजे ग्रामीण भाग. मुलाला विद्यापीठातून काही काळ गावाकडे धाडणं. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये त्याचा अर्थ ठरावीक मुदतीपुरतं बाहेर काढणं असाच होता. कायमचं काढलं तर ‘एक्सपेल’. परीक्षेला बसायला मनाई केली तर ‘डिबार’. एमपीएससी आपल्या मराठी सूचनांमध्ये त्याला ‘प्रतिरोधित’ म्हणते. ‘सस्पेंड’ला मुदत असते किंवा चौकशी संपेपर्यंतची अट असते. आणि ‘डिसक्वालिफाय’? त्यासाठी आधी पात्र असावं लागतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि अंतिम लढतीच्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली. ती ‘डिसक्वालिफाइड’. वयाची अट पूर्ण न करणारा उमेदवार पहिल्यापासूनच ‘इनएलिजिबल’ असतो. मराठीत दोघांनाही आपण ‘अपात्र’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे इंग्रजीत हमखास गोंधळ होतो. हा फरक परीक्षेत वारंवार विचारतात.

याच गटातले काही शब्द फक्त ‘कुठून काढलं’ यावर ठरतात. घर, दुकान, जमीन यांच्या ताब्यातून काढलं तर ‘इव्हिक्ट’. पदावरून, सत्तेवरून हटवलं तर ‘आऊस्ट’. देशाबाहेर घालवलं तर ‘बॅनिश’ किंवा ‘एक्झाइल’. कंत्राटदार काळ्या यादीत गेला तर ‘ब्लॅकलिस्ट’. जिल्ह्यातून तडीपार केलं तर भारतीय पोलीस इंग्रजीत ‘एक्सटर्न’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये हद्दपारीची तरतूद आहे आणि तिची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं असते. या सगळ्यांच्या मागे ‘फ्रॉम’ येतो: एक्सपेल्ड फ्रॉम, इव्हिक्टेड फ्रॉम, डिबार्ड फ्रॉम. डिबार्डनंतर क्रियापद आलं की ‘आयएनजी’चं रूप: ‘डिबार्ड फ्रॉम अपीअरिंग’. ‘डिबार्ड टू अपीअर’ हे मी दर वर्षी शेकडो वह्यांमध्ये कापतो.

तिसरा गट अबोल्याचा, समाजाने बाहेर ठेवण्याचा. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा अर्थ आपल्या मातीत खोलवर आहे आणि शब्द जपून वापरला पाहिजे.

मराठीत आपण ‘बहिष्कार’ एवढाच शब्द वापरतो. ग्रामस्थांनी रस्त्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकला, आणि जातपंचायतीने कुटुंबावर बहिष्कार टाकला. क्रियापद तेच, शब्द तोच. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बॉयकॉट’ सहज येतो: मतदान, माल, परीक्षा, बैठक यांच्यापासून आपण स्वतः दूर राहतो. माणसांना समाजाने दूर ठेवलं तर ‘ऑस्ट्रसाइज’. गंमत अशी की ‘बॉयकॉट’ हा शब्द जन्मला तेव्हा माणसावरच होता. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांना हुसकावून लावायला निघाला म्हणून गावाने त्याच्याशी व्यवहार तोडला. शेतावर मजूर येईना, दुकानदार माल देईना. त्याच वर्षी त्याचं आडनाव क्रियापद झालं. ‘ऑस्ट्रसाइज’चा प्रवास उलटा झाला. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर, म्हणजे ‘ऑस्ट्राकॉन’वर, नाव खरवडून मत देत आणि ज्याच्यावर निवड यायची त्याला १० वर्षं नगर सोडावं लागे. तेव्हा ती रीतसर मतदानाची शिक्षा होती. आज तो शब्द कुठलाही कागद न काढता तोंड फिरवण्यासाठी वापरतात.

दोन्ही दिशा एकाच वाक्यात दिसतात ते उदाहरण इतिहासातलं आहे. १९२७ साली ब्रिटिश सरकारने सायमन कमिशन नेमलं. सातही सदस्य ब्रिटिश संसदेतले, भारतीय एकही नाही. १९२८ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरलं तेव्हा काळे झेंडे दिसले. इंग्रजीत लिहा: ‘इंडियन्स वेअर एक्सक्लूडेड फ्रॉम द कमिशन, सो दे बॉयकॉटेड इट.’ ज्याच्या हातात दार आहे तो ‘एक्सक्लूड’ करतो; ज्याच्या हातात फक्त स्वतःचे पाय आहेत तो ‘बॉयकॉट’ करतो. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर या दोन शब्दांत पुन्हा चूक होणार नाही.

धर्मसत्तेने हुकूम काढून बाहेर घातलं तर ‘एक्सकम्युनिकेट’. परंपरा सांगते की विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतले म्हणून त्यांच्या घराला वाळीत टाकलं गेलं आणि ज्ञानेश्वरादी भावंडं शुद्धिपत्रासाठी आपल्या पैठणला आली. हा प्रसंग इंग्रजीत सांगायचा तर दोन शब्द लागतील. धर्मसभेचा निर्णय तो ‘एक्सकम्युनिकेशन’, आणि गावात रोज वाट्याला येणारं टाळणं ते ‘ऑस्ट्रसिझम’. आपल्या राज्याच्या कायद्यांनीही वेगळे शब्द निवडले आहेत. १९४९ चा मुंबई प्रांताचा कायदा ‘एक्सकम्युनिकेशन’विरुद्ध होता, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द ठरवला. २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा मात्र ‘सोशल बॉयकॉट’ म्हणतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणजे बॉयकॉट हा शब्द माणसांवर चालत नाही असं नाही; आपल्याकडे त्यापुढे ‘सोशल’ लावतात आणि कायद्याच्या भाषेत तोच बरोबर. मुख्य परीक्षेत जातपंचायतीवर लिहायची वेळ आली तर ‘सोशल बॉयकॉट’ लिहा, ‘स्नब’ किंवा ‘कोल्ड शोल्डर’ लिहू नका. ते दोन शब्द एका समारंभात कोणी नमस्कार घेतला नाही, एवढ्यापुरते आहेत. ज्यांच्यासाठी विहीर बंद झाली, ज्यांच्या मयताला माणसं आली नाहीत, त्यांच्या दुःखाला इतका हलका शब्द लावणं मला सहन होत नाही.

आता जिंकण्याकडे वळू. इथे सगळ्यात मोठी अडचण यादीतल्या अवघड शब्दांची नाहीच, ‘विन’ या सोप्या शब्दाची आहे. ‘भारताने पाकिस्तानला हरवलं’ याचं ‘इंडिया वन पाकिस्तान’ असं भाषांतर मी पदवीधर मुलांकडूनही ऐकतो. सामना, मालिका, चषक, निवडणूक ‘विन’ करतात. प्रतिस्पर्ध्याला ‘बीट’ किंवा ‘डिफीट’ करतात. हे कळलं की मुलं सुधारून ‘इंडिया वन ओव्हर पाकिस्तान’ म्हणतात आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतात, कारण ‘विन ओव्हर’ म्हणजे एखाद्याचं मन वळवून आपल्या बाजूला आणणं. नाम वापरलं तर ‘अ व्हिक्टरी ओव्हर पाकिस्तान’ बरोबर; क्रियापद वापरलं तर ‘बीट’, किंवा ‘वन अगेन्स्ट’. ‘बीट’ची रूपंही घोटून घ्या: बीट, बीट, बीटन. ‘थ्रॅश’, ‘ट्राउन्स’, ‘राऊट’ हे सगळे ‘बीट’च्या जागी येणारे शब्द आहेत, ‘विन’च्या नव्हे. त्यामुळे त्यांच्यामागे थेट प्रतिस्पर्ध्याचं नाव येतं, मध्ये ‘ओव्हर’ किंवा ‘अगेन्स्ट’ लागत नाही.

मोजमाप कसं करायचं हे जवळच्याच निकालावर दाखवतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी सात महाविकास आघाडीने जिंकल्या. छत्रपती संभाजीनगरची एक महायुतीकडे गेली. हा ‘क्लीन स्वीप’ का? नाही. स्वीप म्हणजे झाडून सगळ्या. इथे ‘ऑल बट स्वेप्ट द रीजन’ म्हणावं लागेल. आता एकेक मतदारसंघ बघा. बीडमध्ये बजरंग सोनवणे साडेसहा हजार मतांच्या आसपास जिंकले. लाखोंच्या मतदानात हा निसटता विजय, म्हणून ‘एज्ड आऊट’ किंवा ‘नॅरोली बीट’. तिथे ‘थ्रॅश्ड’ लिहिणारा आकडे न वाचता लिहितो आहे. धाराशिवमध्ये ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. तो ‘वन बाय अ ह्यूज मार्जिन’, ‘अ थम्पिंग विन’. एकाच बाजूचे, एकाच दिवशी लागलेले दोन निकाल, आणि शब्द किती लांबचे. वर्गात हे उदाहरण दिलं की मुलं लगेच पुढचे मतदारसंघ स्वतःहून घेतात. तुम्हीही परभणी, हिंगोली, जालन्याचे आकडे काढून प्रत्येकासाठी एकेक वाक्य लिहून बघा.

खरा क्लीन स्वीप हवा असेल तर सिक्कीम: २००९ च्या विधानसभा निवडणुकीत सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटने ३२ पैकी ३२ जागा घेतल्या. आणि २०१५ ची दिल्ली तर शब्दांच्या अभ्यासाला फारच उपयोगी आहे. आम आदमी पक्ष ६७, भाजप ३, काँग्रेस शून्य. आपच्या बाजूने हा ‘लँडस्लाइड’, पण स्वीप नाही, कारण तीन जागा राहिल्या. काँग्रेसच्या बाजूने ‘ड्रू अ ब्लँक’, आणि इथेच आपला मूळ शब्द परत येतो: ‘काँग्रेस वॉज शट आऊट’. बाहेर ठेवणं आणि खातं न उघडू देणं, दोन्ही अर्थ या वाक्यात एकत्र आहेत.

बिनविरोध निवड हा प्रकार आपल्या ग्रामपंचायतींमध्ये नेहमीचा. तिथे मुलं ‘वॉकओव्हर’ लिहितात. वॉकओव्हर खेळात मिळतो, समोरचा मैदानात उतरलाच नाही तर. शर्यतीत एकच घोडा उरला की तो चालत चालत मैदान पार करायचा, तिथून हा शब्द आला. निवडणुकीत ‘इलेक्टेड अनअपोज्ड’ लिहायचं. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत म्हणून अनामत गेली, तर ‘फॉरफिटेड हिज डिपॉझिट’.

‘व्हाइटवॉश’ मालिकेसाठी आहे, एका सामन्यासाठी नाही. २०२४ मध्ये न्यूझीलंडने बंगळूरु, पुणे आणि मुंबई असे तिन्ही कसोटी सामने जिंकले तेव्हा ‘न्यूझीलंड व्हाइटवॉश्ड इंडिया ३-०’ हे बरोबर वाक्य होतं. पण राजकारणाच्या उताऱ्यात हाच शब्द आला तर अर्थ पार बदलतो: चुका झाकून रंगसफेदी करणं. ‘द इन्क्वायरी वॉज अ व्हाइटवॉश’ म्हणजे चौकशी जिंकली नाही, चौकशीने पांघरूण घातलं. ‘थ्रॅश’चंही तसंच. ‘दे थ्रॅश्ड देम’ म्हणजे धुव्वा उडवला. ‘दे थ्रॅश्ड आऊट द इश्यू’ म्हणजे बसून चर्चा करून तोडगा काढला. शेजारचा एक छोटा शब्द बदलला की मारामारीची वाटाघाट होते, आणि पेपर काढणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

आपल्या बातम्यांच्या मराठीत या शब्दांचे इतके चांगले जोडीदार आहेत की कधी कधी इंग्रजीला मराठीतूनच धरावं. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनीच, कोलंबोत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने श्रीलंकेला ५० धावांत गुंडाळलं. सिराजने २१ धावांत ६ बळी घेतले आणि भारत १० गडी राखून जिंकला. ‘गुंडाळलं’ म्हणजे अगदी ‘बंडल्ड आऊट’. ‘धुव्वा उडवला’ म्हणजे ‘ट्राउन्स्ड’ किंवा ‘थ्रॅश्ड’. ‘दाणादाण उडवली’ म्हणजे ‘राऊटेड’, कारण राऊट हा मुळात फौज विस्कळीत होऊन पळत सुटण्याचा शब्द आहे. (उच्चार राऊट, रस्ता तो रूट. स्पेलिंगमध्ये शेवटच्या ‘ई’चा फरक.) १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावरची कारवाई १३ तारखेला सुरू झाली आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली, त्यासाठी ‘कॅपिट्युलेटेड’ वापरा. राऊटमध्ये पळ काढणं असतं, कॅपिट्युलेटमध्ये शस्त्र खाली ठेवणं. इतिहासाच्या उत्तरात हा फरक दिसला की तपासणारा थांबून वाचतो.

कुस्तीत चितपट केलं तर ‘वन बाय फॉल’. गुणांवर जिंकला तर ‘ऑन पॉइंट्स’. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते, ती ‘टेक्निकल सुपीरिऑरिटी’. खो-खोमध्ये ‘एक डाव राखून’ म्हणजे ‘बाय अ‍ॅन इनिंग्ज’, आणि इनिंग्ज एकवचनातही ‘ज’ घेऊनच येतो. जानेवारी २०२५ च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिलांनी दक्षिण कोरियाला १७५-१८ हरवलं. ज्या धाराशिवने सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी खेळाडू दिली, तिथल्या मुलींना मी हाच आकडा देऊन विचारतो: राऊट की शटआऊट? १८ गुण मिळालेत ना, मग राऊट.

आता दोन रिकाम्या जागा सोडवून दाखवतो. पहिली: ‘द व्हिलेजर्स डॅश द फॅमिली, नो वन वुड ड्रॉ वॉटर विथ देम.’ पर्याय: एक्सपेल्ड, ऑस्ट्रसाइज्ड, डिबार्ड, ओमिटेड. ओमिट लगेच उडतो, ते यादीतून किंवा मजकुरातून नाव गाळणं. डिबार्डला मागे ‘फ्रॉम’ हवा आणि वर नियम करणारी संस्था हवी. इथे दोन्ही नाही. एक्सपेल्ड असतं तर कुटुंब गावातून निघून गेलं असतं, मग सोबत पाणी भरण्याचा प्रश्नच नव्हता. वाक्याचा दुसरा भाग सांगतो की कुटुंब गावातच आहे आणि संबंध तुटले आहेत. उत्तर ऑस्ट्रसाइज्ड. दुसरी: ‘हेवी रेन डॅश एनी चान्स ऑफ प्ले ऑन द फिफ्थ डे.’ पर्याय: बॅन्ड, बार्ड, रूल्ड आऊट, एक्सपेल्ड. पाऊस मनाई करत नाही की कोणाला हाकलत नाही. शक्यता संपवायची असेल तर ‘रूल्ड आऊट’. दोन्ही ठिकाणी शब्दाच्या अर्थाने कमी आणि शेजारच्या शब्दांनी जास्त काम केलं, हे पाहा. म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नका. ‘डिबार्ड फ्रॉम अपीअरिंग’, ‘आऊस्टेड फ्रॉम पॉवर’, ‘वन बाय अ लँडस्लाइड’, ‘लेफ्ट आऊट ऑफ द स्क्वॉड’ असे तुकडेच्या तुकडे लिहा आणि मोठ्याने म्हणा.

शेवटचं, वर्णनात्मक पेपरबद्दल. बँकेच्या परीक्षेत निबंध किंवा पत्र लिहिताना ट्राउन्स, थ्रॅश, हॅमर हे शब्द बाहेर ठेवा. ते क्रीडा पानाचे आहेत. तिथे ‘आऊट’ने सुरू होणारी क्रियापदं कामाला येतात. एका बँकेने ठेवींमध्ये दुसरीला मागे टाकलं तर ‘आऊटपरफॉर्म्ड’. ठरावावर संख्याबळाने हरवलं तर ‘आऊटव्होटेड’. लातूरच्या आडत बाजारात एका खरेदीदाराने क्विंटलमागे जास्त भाव बोलून सोयाबीनचा ढीग उचलला, तर ‘ही आऊटबिड हिज रायव्हल्स’. आऊटबिडचा भूतकाळही आऊटबिडच राहतो, ‘आऊटबिडेड’ होत नाही.